पिशवी छापायच्या आधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या महिन्यात घरगुती मसाल्यांवर लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत, मेसेजमध्ये एकच गोष्ट फिरून फिरून आली, की ताई माल आमचा चांगला आहे, गावात कोणालाही विचारा, पण दुकानदार छापील थैली मागतो, ती कशी करायची. म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच दिली. मी वर्धा जिल्ह्यात एका बचत गटाचं मसाला युनिट 11 वर्षं सांभाळलंय, त्यात जे हातानं केलं, जे चुकलं, ते सगळं सांगते.

प्रश्न : ताई, आम्ही 10 जणी मिळून हळद, तिखट आणि काळा मसाला करतो. आठवडी बाजारात पन्नीत भरून विकतो तर हातोहात जाते, पण हिंगणघाटचा दुकानदार म्हणते का ब्रँडची थैली आणा, मंग ठेवतो. एका डिझायनरनं मोबाईलवर 4 डिझाइन पाठवले, चारही छान दिसून राहिले, कोणतं घ्यावं समजत नाही. आणि थैलीवर वायगावची हळद असं लिहिलं तर चालते काय?
(गटप्रमुख, समुद्रपूर तालुका)

उत्तर : ताई, ते 4 डिझाइन सध्या मोबाईलमध्येच राहू द्या. आधी तिन्ही माल समोर ठेवा, कारण तिघांची गरज वेगळी आहे आणि डिझायनरला ते माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. हळदीला उजेड सोसत नाही, पारदर्शक पन्नीत दुकानाच्या दर्शनी भागात महिनाभर टांगली की रंग उतरतो, तिखटाचंही तेच, लालभडक माल फिक्का पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतो भेसळ आहे. काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं, तीळ, त्याचं तेल सुटतं, साध्या पातळ पन्नीतून वास बाहेर जातो आणि पन्नी बाहेरून चिकट होते. म्हणून मसाल्याला लॅमिनेटेड पाउच घ्यायचा, साधारण तीन थर असतात, बाहेर 12 मायक्रॉनचं पेट नावाचं पातळ प्लास्टिक, मधे चांदीसारखं चमकतं ते मेटलाइज्ड आणि आत पॉली, जे सील होतं. माल दिसायला पाहिजे असं वाटत असेल तर खिडकी छोटी ठेवा, आणि हळदीला ठेवूच नका. क्राफ्ट पेपरचा तपकिरी पाउच आजकाल सगळ्यांना आवडतो, पण आतून अस्तर आहे का बघूनच घ्या, नुसत्या कागदातून मसाला पावसाळ्यात ओल खातो.

सॅम्पल पाउच मागवा, 10-20 देतात. एकात पाणी भरून सील करा, उलटा टांगा, दाबा. दुसऱ्यात माल भरून छातीच्या उंचीवरून फरशीवर टाका, एसटीच्या टपावरून, ऑटोतून माल जातो तेव्हा त्याचं हेच होतं. बाकीचे भरून घरात ठेवून द्या आणि दर महिन्याला एक फोडून वास, रंग बघा, म्हणजे पिशवीवर किती महिने लिहायचे ते तुमचं तुम्हाला कळेल, शेजारच्या ब्रँडचं बघून 12 महिने लिहू नका.

आता मागची बाजू. हो, पुढच्या आधी मागची. एका कोऱ्या कागदावर हातानं लिहून काढा: मालाचं नाव, त्यात काय काय आहे ते जास्त असेल ते आधी अशा क्रमानं, निव्वळ वजन, सगळ्या करांसह एमआरपी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, चिन्ह आणि 14 आकडी नंबर, शाकाहारी खूण, पण ती पुढच्या बाजूला नावाजवळ. शेंगदाणा असेल तर त्याचा ॲलर्जीचा उल्लेख वेगळा. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकोनात भरीव हिरवा गोल, आणि त्याचं मापही ठरलेलं आहे, पुढचा दर्शनी भाग 100 ते 500 चौरस सेंटिमीटर असेल तर गोल कमीत कमी 4 मिलिमीटरचा आणि चौकोनाची बाजू 8 मिलिमीटर, डिझायनर पुष्कळदा ती टिकलीएवढी करून कोपऱ्यात ढकलतात. शिवाय आता एका ग्रॅमला किती पैसे पडले तेही लिहावं लागतं, म्हणजे 200 ग्रॅम हळद 60 रुपयांना असेल तर प्रति ग्रॅम 30 पैसे. हे सगळं कागदावर बसलं की मग कळतं पाउच केवढा पाहिजे. आमचा पहिला पाउच इतका लहान निघाला होता की मागचा मजकूर मुंगीएवढा झाला, आणि म्हाताऱ्या बाया दुकानात डोळ्याजवळ धरून धरून वाचायच्या, मला ते बघून फार वाईट वाटायचं.

एमआरपी, बॅच आणि तारीख मात्र छापू नका. तेवढी पांढरी जागा सोडा आणि भरताना शिक्क्यानं नाहीतर छोट्या कोडिंग मशीननं मारा. भाव वाढला म्हणून जुन्या एमआरपीवर नवा जास्तीचा स्टिकर चिकटवणं नियमात बसत नाही, कमी करायचा असेल तर चालतं, तेही जुना आकडा झाकायचा नाही.

छपाईचं म्हणाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, उशिरा छापा. ज्या मोठ्या छपाईला ग्रॅव्हर म्हणतात त्यात प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो, 6 रंग तर 6 सिलिंडर, त्याचे पैसे आधी, आणि पिशव्या नगावर नाही, किलोवर घ्याव्या लागतात, हजारोंच्या हिशेबात. पिशवी एक-एक स्वस्त पडते म्हणून माणूस मोहात पडतो. आम्हीही पडलो. 10,000 पाउच छापून आणले, 2 चुंगड्या भरून घरी आले तेव्हा सगळ्याजणींनी नारळ फोडला, आणि 4 महिन्यांत विक्री वाढल्यामुळं आम्हाला एफएसएसएआयच्या रजिस्ट्रेशनवरून लायसन्सवर जावं लागलं, नंबर बदलला, जागा बदलली म्हणून पत्ता बदलला. उरलेले साडेसहा हजार पाउच वाया गेले. चांगली गोष्ट घडल्यामुळं नुकसान झालं, ते अजून लागतं मनाला. म्हणून पहिलं वर्षभर साधा रंगीत पाउच घ्या, मॅट फिनिशचा, आणि पुढं-मागं चांगल्या प्रतीचा स्टिकर लावा, स्टिकर 500 सुद्धा छापून मिळतात. त्याच्या पुढची पायरी डिजिटल छपाई, त्यात सिलिंडर लागत नाही, काहीशे पाउचपासून काम होतं. ग्रॅव्हरवर तेव्हाच जा जेव्हा वजन, पत्ता, नंबर, मसाल्याचं प्रमाण, यातलं काहीच वर्षभर बदलणार नाही अशी खात्री असेल.

आता या पुढच्या बाजूकडं. तुमचा पाउच मॉलमध्ये लागणार नाहीये, हिंगणघाटच्या किराणा दुकानात तारेला टांगलेला असणार, आत उजेड कमी, आणि एकावर एक पाउच असल्यामुळं दिसतो फक्त वरचा भाग. नाव तिथंच पाहिजे, ठळक, दोन हात लांबून वाचता येईल असं. तिन्ही मालाला एकच पट्टी, एकच अक्षर, रंग तेवढा वेगळा, म्हणजे ज्या बाईला वाचता येत नाही ती पिवळा दे, लाल दे म्हणून मागेल. ते 4 डिझाइन आहेत ना, त्यांचे खऱ्या आकारात प्रिंट काढा, रिकाम्या पाउचवर चिकटवा आणि त्याच दुकानदाराला विनंती करून दुसऱ्या ब्रँडच्या रांगेत एक दिवस टांगा. दाराशी उभं राहून बघा कोणता आधी दिसतो. मोबाईलवर चारही छानच दिसणार. आणि नऊवारीतली बाई, पाटा-वरवंटा, लाल-पिवळा रंग हे सगळ्यांच्याच पिशवीवर आहे, तुमच्या गावात हळद शिजवायची मोठी कढई असेल, कंद वाळत घातलेलं खळं असेल, त्याचं साधं रेखाटन काढून घ्या, ते दुसऱ्या कोणाकडं नसणार.

राहिलं वायगावचं नाव. वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे, जीआय म्हणतात ते, भिवापूरच्या मिरचीलाही आहे. मानांकन आहे म्हणजे ते नाव कोणीही उठून लिहू शकत नाही. हळद त्या ठरलेल्या भागातली आणि त्याच वाणाची पाहिजे, आणि तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी पाहिजे. तुम्ही त्याच तालुक्यात आहात, खरोखर तीच हळद दळत असाल तर ही नोंदणी कराच, तिथल्या उत्पादकांच्या संघाकडं जा, ते रस्ता सांगतील. नोंद होईपर्यंत तुमच्या गावाचं नाव पत्त्यात आहेच, तेच थोडं मोठं करा. बाहेरून हळद आणून त्यावर वायगाव लिहिलं तर ज्या शेतकऱ्यांनी ते वाण जपलं त्यांच्याच पोटावर पाय येतो.

प्रश्न : आम्ही जवसाची, कराळाची चटणी विकतो. आमचे सगळे गिऱ्हाईक मराठी आहेत, मी थैलीवर सगळं मराठीतच छापणार होतो, पण एक जण म्हणाला इंग्रजी लागते. मराठीवर बंदी आहे काय?
(दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : बंदी अजिबात नाही भाऊ. नियम असा आहे की जी माहिती देणं बंधनकारक आहे ती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत पाहिजेच, आणि त्याशिवाय आणखी कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे फक्त मराठी चालत नाही. मलाही हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता, आपल्याच जिल्ह्यात विकायचं आणि आपली भाषा पुरत नाही. पण त्यातून वाट निघते: पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मराठी, जवसाची चटणी, कराळाची चटणी, तुम्ही बोलता तसं, आणि त्याखाली लहान अक्षरात इंग्रजी किंवा हिंदी नाव. मागं घटक आणि बाकीचं इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि खायचं कसं ते दोन ओळी मराठीत, तेल टाकून भाकरीसोबत, असं.

मराठी छापताना एक जपा. आमच्या चटणीच्या पाउचवर वऱ्हाडी हा शब्द होता, डिझायनरच्या कॉम्प्युटरवर बरोबर, आणि छापखान्यात तो फाँट नव्हता, तर अर्धा र तुटला आणि वर् हाडी असं 3,000 पाउचवर छापून आलं. प्रूफवर, म्हणजे छापायच्या आधीच्या नमुन्यावर, मी सही केलीच नव्हती, प्रूफ आलंच नव्हतं, आणि छापणाऱ्यानं हात वर केले. तेव्हापासून फाइल द्यायच्या आधी सगळी अक्षरं कर्व्ह करून घेते, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, फाँट असो नसो फरक पडत नाही. ऱ्या, ऱ्ह, ळ्या, क्ष, ज्ञ आणि रफार हे बोट ठेवून तपासा. आणि मोबाईलवरच्या फोटोवर हो म्हणू नका, कागदावरचं प्रूफ मागा, स्क्रीनवरचा हिरवा आणि छापलेला हिरवा वेगळा असतो. तपकिरी क्राफ्टवर किंवा चंदेरी पाउचवर छापत असाल तर खाली पांढऱ्या शाईचा थर द्यायला सांगा, नाहीतर पिवळा मातकट दिसतो.

चटणी असल्यामुळं आणखी एक, नुसत्या मसाल्याला पोषणाच्या माहितीचा तक्ता लागत नाही, चटणीला लागतो, 100 ग्रॅममध्ये ऊर्जा किती, प्रथिनं किती, ते. मान्यताप्राप्त लॅबमधून करून घ्या आणि तेवढी जागा आधीच धरा.

प्रश्न : मिनी दाल मिल टाकली आहे, तूर डाळ 1 किलो आणि 5 किलोत विकायची आहे. डाळीलाही महागडा पाउच लागतो का? आणि थैलीवर सेंद्रिय लिहू का, आम्ही खत कमीच टाकतो.
(आर्वी तालुका)

उत्तर : नाही लागत. डाळीला मेटलाइज्ड कशाला, डाळ तर दिसली पाहिजे, आपल्याकडं बाई डाळ बघून, दाणा तुटलेला आहे का, पॉलिश आहे का ते बघून घेते. 1 किलोला पारदर्शक पाउच आणि त्यावर 2 रंगांची छपाई पुरे. 5 किलोला विणलेली, वरून लॅमिनेट केलेली बॅग, धरायला मूठ असलेली, ती रिकामी झाली तरी घरात वापरली जाते आणि तुमचं नाव वर्षभर फिरतं. पण पिशवीपेक्षा जास्त लक्ष वाळवण्यावर द्या, डाळ पुरती वाळलेली नसली तर बंद पिशवीत घाम धरते, बुरशी येते, भुंगे होतात, आणि पारदर्शक असल्यामुळं ते भुंगे सगळ्या दुकानाला दिसतात. 5 किलोवर प्रति किलो भावही लिहायचा, 800 रुपये असेल तर 160 रुपये प्रति किलो. 1 किलोवर तो एमआरपीएवढाच येतो म्हणून वेगळा नको.

सेंद्रिय लिहू नका. खत कमी टाकणं वेगळं आणि सेंद्रिय वेगळं, त्याला प्रमाणपत्र लागतं, पीजीएस-इंडिया किंवा एनपीओपी या दोन सरकारी पद्धतींपैकी एकाचं, आणि मग जैविक भारतचं चिन्ह. त्याऐवजी जे खरं आहे ते लिहा, पॉलिश न केलेली असेल तर बिनपॉलिशची तूर डाळ, गावाचं नाव, आणि हंगाम. आर्वीकडच्या डाळीला तेवढं बस आहे.

प्रश्न : कुरडया, सरगुंडे, मूगवड्या पाउचमध्ये पाठवल्या तर अर्ध्या चुरा होऊन राह्यल्या. काय करू?
(अकोला जिल्हा)

उत्तर : मूगवडी पाउचमध्ये जाते, ती दणकट आहे. कुरडई आणि सरगुंडे नाही. त्यांना साध्या जाड कागदी बॉक्समध्ये घाला, आत पॉलीची पिशवी सील करून, आणि बॉक्सवर पूर्ण छपाई करण्यापेक्षा एक छापील कागदी पट्टा आडवा गुंडाळा, वस्तू बदलली की फक्त पट्टा बदलायचा. पिशवी वजनावर नाही तर आकारमानावर निवडायची, 200 ग्रॅम कुरडईला किलोभर मसाल्याची जागा लागते, आणि पिशवीत हवा जास्त दिसली तर गिऱ्हाईकाला फसवल्यासारखं वाटतं, म्हणून नगही लिहा, 12 नग, आणि वजन तर आहेच.

प्रश्न : हायवेवर आमची खानावळ आहे, सावजी रस्सा, पाटवडी, पार्सल फार जाते. आमच्या नावाची थैली करायची आहे. स्वस्तात नॉन-वोव्हन मिळून राहिली, घेऊ का?
(उमरेड रोड)

उत्तर : ती कापडासारखी दिसते म्हणून लोक फसतात, ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे, जाड नॉन-वोव्हनला नंतर सूट मिळाली, पण स्वस्तातली पातळ निघाली आणि दंड बसला तर तुमच्या नावानिशी बसेल, कारण नाव तुम्हीच छापलंय त्यावर. जाड तपकिरी कागदाची पिशवी घ्या, तळ रुंद असलेली, म्हणजे डबा आडवा होणार नाही. छपाई एका रंगात स्क्रीन प्रिंटनं, ती गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडंही होते आणि 200-300 नगाला परवडते. तर्रीचं तेल कागदातून लगेच वर येतं, म्हणून रस्सा घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि पाटवडी केळीच्या किंवा पळसाच्या पानात गुंडाळून मग डब्यात, तुमच्याकडं पळस आहेच. वर्तमानपत्रात मात्र काहीच बांधू नका, गरम पदार्थाला शाई लागते आणि ते नियमानंही बंद आहे. छापील बाजू अन्नाला लागता कामा नये हाच नियम तुमच्या नावाच्या कागदालाही लागू आहे, म्हणजे पाटवडीखाली हॉटेलचं नाव छापलेला कागद ठेवत असाल तर छपाई खालच्या अंगाला करा. पिशवीवर नाव, फोन, आणि तुमच्याकडं काय खास मिळतं ती एक ओळ, बास. मेन्यू अख्खा छापला की भाव बदलला की थैल्या पडून राहतात.

प्रश्न : ब्रँडचं नाव ठरवलं, डिझायनर म्हणते नावापुढं गोलातला आर टाकून देतो, चांगलं दिसते. टाकू का? आणि या सगळ्याला सरकारी मदत आहे का?
(भंडारा)

उत्तर : गोलातला आर म्हणजे नाव नोंदलेलं आहे असं सांगणं, नोंदणी झाल्याशिवाय तो टाकणं गुन्हा आहे. नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज केला की टीएम लिहू शकता. या अर्जात मालाचे वर्ग असतात, मसाले, पिठं यांचा वर्ग 30, लोणचं वर्ग 29, दोन्ही विकत असाल तर दोन्हीत अर्ज. एका माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे, नोंदणी 10 वर्षं टिकते. अर्जाच्या आधी ट्रेडमार्कच्या वेबसाइटवर नाव शोधा, फुकट आहे, माउली, अन्नपूर्णा, गावरान असली नावं आधीच कितीतरी जणांनी घेतलेली असतात.

मदतीचं म्हणाल तर 2020 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना बघा, त्यात यंत्रांसाठी कर्जाशी जोडून 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, बचत गटाच्या सदस्याला 40,000 रुपये बीज भांडवल, आणि गट किंवा शेतकरी कंपनी मिळून एक ब्रँड करत असतील तर ब्रँडिंगच्या खर्चाला 50 टक्के, असं त्याचं स्वरूप. यंदाचं काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात आणि गट उमेदचा, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाचा, असेल तर तुमच्या प्रभाग समन्वयकाला विचारा. जाताना कोटेशन, गटाचा ठराव आणि तो हातानं लिहिलेला मागच्या बाजूचा कागद सोबत न्या.